तांब्यावरचे तीन ठिपके

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोडे निवडत बसले होते. फोनवर त्यांचा भाचा नीलेश नुसताच "काकू, आत्या... आत्या..." करत होता. मी म्हटलं, "गेल्या ना? मग सरळ सांग की." तो रडायलाच लागला. तेव्हा वाटलं, जरा हळू बोलायला हवं होतं. पण डॉक्टरांनी दोन महिने आधीच सांगून ठेवलं होतं. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि कुमुदताईंना तर आम्हा सगळ्यांच्या आधी माहीत होतं. हात धुतले, साडी बदलली, आमच्या खारी गावातून रिक्षा केली आणि भाईंदर स्टेशनाचा पूल चढून पश्चिमेला गेले. त्या पुलावरून मी तीस वर्षं रोज कामाला गेले, कधी मध्ये थांबले नाही. त्या दिवशी दोनदा थांबले.

त्याला आता पाच आठवडे झाले. कुमुदताईंबद्दल लिहायला नीलेशनंच सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई, पण लिहायला घाबरत नाही, कारण पोटासाठी मी जन्मभर अक्षरंच मारली. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसून मी भांड्यांवर नावं घालायचे. हे काम आधी माझ्या नवऱ्याचं. त्यांची नजर गेली तेव्हा मुलं लहान होती, मिठागराचं काम आमच्या घरातून कधीच सुटलं होतं, म्हणून हातोडी मी घेतली. पहिली दोन वर्षं ते शेजारी बसून भांडं मांडीत घट्ट धरायचे आणि मी छिन्नी मारायचे. दिसत काही नव्हतं, पण नुसत्या आवाजावरून सांगायचे, "खोल गेली, हात हलका ठेव." त्यांचा एक नियम होता, तो मी शेवटपर्यंत पाळला. नाव घालायच्या आधी प्रसंग विचारायचा. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुणाकडून कुणाला. कारण लोक चोरीचं भांडं आणतात, वर आपलं नाव घालून घेतात आणि मग ते त्यांचं होतं. प्रसंग सांगताना जो अडखळला त्याचं भांडं परत द्यायचं.

अशाच एका दुपारी एक बारीकशी बाई पायरीपाशी येऊन उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. पिशवीतून पितळेचा एक जुना डबा काढला, माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे नाव तुम्ही घातलंय का?"

मला वाटलं, आली तक्रार. म्हटलं, "का? काय चुकलं हाय? आणि चुकलं हाय तर इतक्या वर्षांनी आठवण झाली काय?" मी तापले की खारीची बोली तोंडात येते.

"चुकलं नाही हो. मी चार वर्षं तुम्हाला शोधतेय."

हा डबा त्यांना मुंबईत चोरबाजारात मिळाला होता. त्याआधी तिथंच एक कळशी, एक फुलपात्र आणि एक परात मिळाली होती. चारही भांड्यांवर नावाच्या आधी तीन ठिपके होते, एका रेषेत, एकसारख्या अंतरावर. परातीवर भाईंदरच्या कुठल्याशा भजनी मंडळाचं नाव होतं, त्यावरून त्या इथल्या बाजारात एकेका भांडेवाल्याला विचारत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "हे तीन ठिपके म्हणजे तुमची सही ना?"

"सही कसली? छिन्नीची धार बघते मी. तीन ठोके मारून बघायचे, मग नाव सुरू करायचं."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की दुकानातून शेठ बाहेर आला. आणि मग म्हणाल्या, "मी राहते इथून दहा मिनिटांवर. चार वर्षं अख्खी मुंबई पालथी घातली मी!" माझ्या कामाकडं बघून कुणी तरी हसतंय, तेही कौतुकानं, असं तोवर माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. लोक नाव बरोबर आहे का बघायचे, पैसे द्यायचे आणि जायचे. मीही तेवढंच बघायचे.

कुमुदताई मूळच्या गिरगावच्या. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, भावांची घरं वेगळी झाल्यावर भाईंदरला छोटी जागा घेतली. नोकरी होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्त झाल्यावर दर शुक्रवारी सकाळी त्या चोरबाजारात जायच्या. शुक्रवारी तिथं रस्त्यावर जुना माल मांडतात. पुढं आमच्या शेठचं दुकान बंद झालं, तिथं मोबाइलवाला आला, आणि मी घरी बसले. तेव्हा त्या मलाही ओढून घेऊन जायला लागल्या. पहिल्या दिवशी मला ते सगळं भंगार दिसलं. काटे नसलेली घड्याळं, एक पाय तुटलेल्या खुर्च्या, दिव्यांच्या काचा, बाहुल्यांची नुसती मुंडकी. म्हटलं, "यातलं काय घ्यायचं माणसानं?" त्या म्हणाल्या, "आधी हात मागं बांधा. नुसतं बघा. हात लावला की भाव वाढतो."

त्यांची खरेदी बघणं हा एक धडाच होता. हवी असलेली वस्तू सोडून शेजारच्या वस्तूचा भाव विचारायच्या. तिच्यावर पाच मिनिटं घालवायच्या, नाक मुरडायच्या, निघायच्या, आणि निघता निघता सहज म्हणायच्या, "वो क्या है, वो भी दिखाओ." पिशवीत एक लोहचुंबक असायचा. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेलं भांडं त्याला चिकटतं. पण खरं काम त्यांच्या अंगठ्याचं होतं. नवीन माल तेजाबात बुडवून, मातीत पुरून जुना करून विकतात. तो सगळीकडून सारखाच काळा असतो. "माणूस तांब्या रोज एकाच बाजूनं धरतो," त्या म्हणायच्या, "म्हणून खरा जुना तांब्या एकाच बाजूनं झिजतो." अंगठा गळ्याभोवती फिरवून त्या डोळे मिटून सांगायच्या, खरा की खोटा. मी कधी त्यांना चुकताना बघितलं नाही. एकदाच चुकल्या होत्या, आमची ओळख व्हायच्या आधी, एका समईच्या बाबतीत. ती खोटी समई त्यांनी मुद्दाम दारासमोर ठेवली होती. विचारलं तर म्हणायच्या, "माझा माज उतरवायला."

घरात शोभेची वस्तू एक नव्हती. जे वापरणार नाही ते घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. जुन्या परातीत कणीक मळायच्या, जुन्या डब्यात डाळ. आणि त्यांच्या जवळजवळ प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव. परक्या बायकांची नावं, परकी गावं, मोडून गेलेल्या घरांच्या वास्तुशांती. मी म्हटलं, "लोकांच्या नावाचं जेवता तुम्ही." त्या म्हणाल्या, "मग? मला तेवढीच मोठी पंगत."

तिथं रशीदभाई म्हणून एक जुना भांडेवाला बसतो. एकदा तो कुमुदताईंना म्हणाला, "दीदी, नाम है इसलिए सस्ते में दे रहा हूँ. घिस के निकाल दूँ ना, तो होटलवाला डबल में ले जाएगा."

"नाम भी रहने दो, भाव भी रहने दो," कुमुदताई म्हणाल्या.

मला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी शेजारचा एक चकचकीत हंडा ओढला, माझा अंगठा धरला आणि हंड्याच्या पोटावरून फिरवला. एका जागी किंचित खोलगट लागलं, चार बोटं रुंद. "इथं कुणीतरी होतं," त्या म्हणाल्या. बाहेरच्या गिऱ्हाइकांना आणि हॉटेलं सजवणाऱ्यांना नाव नको असतं, स्वच्छ पितळ हवं असतं, म्हणून मशीन लावून घासतात. मला रडूबिडू आलं नाही. राग आला. उन्हातान्हात पायरीवर बसून केलेलं काम, आणि दोन मिनिटांत साफ. कुमुदताईंनी मात्र राग केला नाही, सोय केली. रशीदभाईला आपला नंबर देऊन ठेवला. नाव असलेला माल आला की घासायच्या आधी त्यांना फोन. आणि रशीदभाईनं तो शब्द पाळला, हे मी इथं लिहून ठेवते.

एकदा माझ्यामुळं घोटाळा झाला. रशीदभाईच्याच समोरच्या माणसाकडं एक तांब्याचं घंगाळ होतं. मी वाकून बघितलं तर आधी तीन ठिपके आणि पुढं 'चि. सौ. कां. मंजुळा हिस आईकडून'. मला एकदम तो दिवस आठवला. चेणे गावाहून एक माणूस आला होता, मुलीचं लग्न होतं, बायको वारून वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी आईच्या आधी कै. घालू का विचारलं, तर तो म्हणाला, "न्हाय. लग्न हाय. आज ती हाय असंच घाला." असल्या गोष्टी विसरायला होत नाहीत. मी भर बाजारात ओरडले, "कुमुदताई, हे माझं! हे मी केलेलं हाय!" झालं. त्या माणसानं माझं तोंड बघितलं आणि भाव दुप्पट केला. कुमुदताईंनी पिशवीतून पैसे काढून तो भाव दिला. भाईंदरच्या पुलावर आल्यावर म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपासून तोंडाला फडकं बांधून यायचं." पुढं त्यांनी त्या मंजुळेचं घर शोधून काढलं. तिची सून म्हणाली, आमच्याकडं जागा नाही, घासणार कोण? मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझ्या लग्नातली पितळेची भांडी मीच मोडीत घालून स्टीलची आणली होती. मला वाटलं, कुमुदताई खट्टू होतील. त्या घंगाळ रिक्षात परत ठेवता ठेवता म्हणाल्या, "छान झालं. आता खात्रीनं आपलं झालं." आणि त्यानंतर त्यांची आंघोळ त्या घंगाळातल्या पाण्यानं.

हे सगळं मी हौसेनं सांगतेय, कारण पुढचं सांगणं मला जड जातं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना एक पितळेचा तांब्या मिळाला. लहानसा, बसका, गळ्याशी एका बाजूनं छान झिजलेला. चष्म्यातून, भिंगातून, अंगठ्यानं, सगळ्या बाजूंनी तपासला. कुठं नाव नाही, घासलेली खूण नाही. रशीदभाईनं तर इतक्या वर्षांच्या ओळखीत तो फुकटच देऊ केला होता. त्या तो घेऊन थेट माझ्या घरी खारीला आल्या. चहा झाल्यावर तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हिराबाई, यावर माझं नाव घाला. नुसतं कुमुद. पुढं-मागं काही नको."

मी तांब्या उचलून बघायला लागले. मग त्याच सांगायला लागल्या, आणि तशा त्या स्वतःबद्दल सांगणाऱ्या नव्हत्या. आई गेल्यावर भावांनी भांडी वाटून घेतली तेव्हा सगळी भांडी जमिनीवर मांडली होती. ज्याचं नाव त्यानं उचलायचं, म्हणजे भांडण नको. वडिलांच्या नावाची मोठ्या भावाला. वहिन्यांच्या नावाची त्यांना त्यांना. शेवटी जमीन मोकळी झाली आणि कुमुदताई उभ्याच. लग्न झालं नाही, म्हणून कुणी कधी भांडं दिलं नाही, म्हणून कशावर नाव नाही. "वाईट वाटलं असं नाही," त्या म्हणाल्या, "पण लक्षात राहिलं. इतक्या बायकांची नावं घरात आणली, आता एक माझं असू दे. आणि मी आहे तोवर घाला. मेल्यावर कै. लावून घालतात ते माझं नाही, ते तेराव्याचं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हटलं, "प्रसंग काय?"

"प्रसंग काही नाही."

"मग कसं घालणार? कुणाकडून, कशाबद्दल, काही तरी लागतं. नुसतं नाव घालायची रीत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तांब्या पिशवीत ठेवला आणि विषय बदलला. पुन्हा कधी काढला नाही. शुक्रवार चालू राहिले, हसणं चालू राहिलं. पण त्यांच्या घरी गेलं की टेबलावर तो तांब्या दिसायचा, पाणी भरलेला, कोरा.

खरं सांगायचं तर प्रसंग हा बहाणा होता. माझा हात थरथरायला लागला होता. कपात चहा धरला तरी बशीत सांडायचा. ज्या बाईनं माझी अक्षरं चार वर्षं शोधली, तिच्या भांड्यावर मी वेडंवाकडं नाव घालू? एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मला सांगवलं नाही. मी नवऱ्याचा नियम पुढं केला आणि मागं लपले.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मला धसका बसला. एक दिवस सकाळी उठले, छिन्नी-हातोडी कापडात गुंडाळली आणि गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, अंगाची नुसती काडी झालेली. म्हणाल्या, "आज शुक्रवार नाही, हिराबाई."

"म्हाईत हाय. तांब्या कुठं हाय?"

त्यांनी कापडाच्या गुंडाळीकडं बघितलं. आणि दोन वर्षं पोटात ठेवलेला शब्द काढला, "प्रसंग?"

"प्रसंग घाला खड्ड्यात. माझा हात कापतो, म्हणून न्हाय म्हटलं तेव्हा. वाकडं आलं तर बोलायचं न्हाय."

"एवढंच होतं? अहो, मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"धरा नीट," मी म्हटलं.

मांडीवर घडी घातलेली चादर, त्यावर तांब्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो धरला. तसा धरायचा हे मी त्यांना कधीतरी नवऱ्याबद्दल बोलताना सांगितलं होतं. मी मारायला सुरुवात केली. पहिलं अक्षर ठीक आलं. दुसरं खाली उतरलं. तिसरं तर घसरून तांब्याच्या पोटाकडंच निघालं. तीन अक्षरांना पाऊण तास लागला. असलं काम मी शिकत होते तेव्हाही केलं नव्हतं, आणि तेव्हा केलं असतं तर शेठनं पायरीवरून उठवलं असतं. कुमुदताईंनी चष्मा घातला, भिंग मागितलं, मग डोळे मिटून अक्षरांवरून अंगठा फिरवला. नेहमीसारखा, सावकाश. आणि बाजारात भाव करताना काढायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "नाम टेढ़ा है. कम में दो." मी हसले, त्या हसल्या, मग त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

खोकला थांबल्यावर अंगठा पुन्हा फिरला आणि नावाच्या अलीकडं थांबला. "ठिपके कुठं आहेत?"

"नाही घातले."

"का?"

"कुणी बघितलं तर म्हणेल, हिराबाईनं असलं काम केलं."

"मग कुणी केलं म्हणायचं?"

मी छिन्नी कापडात गुंडाळली. म्हटलं, "पुढच्या वेळेला घालते." त्या "बरं" म्हणाल्या आणि मला त्यात पाणी भरून द्यायला सांगितलं. वरून धार धरून, घोट घोट करत प्यायल्या. पुढचे अठरा दिवस त्या तांब्यातूनच पाणी पीत होत्या, असं नीलेश सांगतो. पुढची वेळ आली नाही.

तेराव्याला त्यानं सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले, मशीननं 'कै. कुमुद' घातलेले. मला त्यानं भीत भीत दिला. मी घेतला. लोकांना रीत लागते, त्याचा राग काय करायचा? त्यात मी मीठ ठेवते. मग त्यानं आतून तो तांब्या आणला. "आत्यानं सांगून ठेवलं होतं, हा हिराबाईंचा. बाकीचं सगळं जो वापरेल त्याला द्यायचं." आणि चांगल्या मनानंच पुढं म्हणाला, "काकू, नाव जरा वाकडं आलंय. मशीनवर घासून नीट करून आणू का?"

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. बिचारा दोन पावलं मागं सरकला. घंगाळ त्याच्या बायकोनं मागून घेतलं, हे मला आवडलं.

मागच्या आठवड्यात रशीदभाईचा फोन आला. नीलेशनं माझा नंबर दिला असणार. "बाई, दीदी तो गई... अब नामवाला माल आएगा तो क्या करूँ? घिस दूँ?" मी म्हटलं, "घिसना मत. मैं आती है." माझं हिंदी असलंच आहे. शुक्रवारी एकटी गेले, हात मागं बांधून सगळा बाजार बघितला आणि एक फुलपात्र घेऊन आले. माझं काम नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी होतं. भावात फसले की नाही, सांगायला आता कुणी नाही.

घरी आल्यावर छिन्नी दगडावर घासली. तांब्या रिकामा केला, पुसला, खाली बसून गुडघ्यांत धरला आणि नावाच्या अलीकडं तीन ठिपके मारले. दोन सरळ आले. तिसरा जरा सरकलाय. मग तांब्या पुन्हा भरून ठेवला.